माझा एसी आणि त्यांचं थंडावा केंद्र

मंगळवारी भर दुपारी पिपरी मेघे या आमच्या गावात मी माझ्याच सासूबाईंवर पाळत ठेवली... हसू नका, कारण सांगते.

आमच्या कॉलनीच्या समाजभवनात यंदा उन्हाळ्यापुरतं थंडावा केंद्र उघडलंय. दोन मोठे कुलर, माठ, सतरंज्या... उन्हात राबणाऱ्या कोणीही यावं, टेकावं. सोय उत्तमच आहे.

पण आई, म्हणजे सासूबाई, रोज जेवण झालं की तिकडे! मी त्यांच्या खोलीत हौसेनं एसी बसवलाय, तो बंदच. वर संध्याकाळी येऊन कौतुक... तिथला कुलर असा गार, ते केंद्र सांभाळणाऱ्या कुंदाच्या हातचं पन्हं तसं गोड. पन्हं मी पण करते हो, वेलची घालून! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एवढं काय आहे त्या कुंदाकडे, बघूनच येऊ म्हटलं. हाफ डे टाकला आणि ऑफिसातून थेट समाजभवन गाठलं. सनकोट, तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल... मे महिन्यात आमच्याकडे स्कूटीवरच्या सगळ्या बायका सारख्याच दिसतात.

आत शिरले तर समोर आईच उभ्या. कुलरसमोर बसलेल्या नाहीत, पदर खोचून उभ्या! एका हातात गुळाचा डबा.

मला म्हणाल्या, "बस वं बाई. उनातून आली न? पयले गूळ खा, मंग पाणी पेजो."

त्यांनी मला ओळखलंच नव्हतं. मी बसले आणि स्कार्फच्या खालून गूळ तोंडात टाकला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आईंनी मला हातात असा गूळ कधी दिला नव्हता... खरं सांगते, त्या क्षणी मला तिथल्या प्रत्येक अनोळखी माणसाचा हेवा वाटला.

शेजारच्या भाजीवाल्या मावशींनी त्यांना विचारलं, "घरी कुलर नाई का वं, आजी?"

"एसी हाय न! सुनेनं लावला, लई गुणाची हाय. पण मले कायलेच हात लावू देत नाई. मी उठली का 'आई, तुम्ही बसा'... आता सांग, बसून बसून माणूस किती बसन?"

मावशी हसल्या. मी मात्र स्कार्फ आणखी वर ओढला. हे 'आई, तुम्ही बसा' मी किती प्रेमानं म्हणायचे! पाणी न पिताच तिथून सटकले.

कुंदाताई, तुमचा हेवा मला अजूनही वाटतो, खोटं कशाला बोलू... पण तुम्ही आमच्या आईंना काम दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

संध्याकाळी त्या घरी आल्या, स्वयंपाकघरात डोकावल्या. 'आई, तुम्ही बसा' अगदी ओठांवर आलं होतं... गिळलं. म्हटलं, "आई, कणीक भिजवून देता का?"

त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "काऊन वं? बरी हायेस न?"

मग बांगड्या मागे सारून परात पुढ्यात ओढली. कणीक चांगलीच घट्ट झाली होती, पोळ्या लाटताना माझे हात भरून आले... पण मी ब्र काढला नाही.