पाच वाजताचं पोतं

गोदाच्या नवऱ्याने त्या दिवशी सायकल स्वतःच्या फाटकाशी न लावता आमच्या फाटकाशी लावली, तेव्हाच मला कळलं. मी ओट्यावर गहू निवडत बसले होते. भाऊजी हॉस्पिटलातून थेट आले होते. आत आले नाहीत, पायरीवरच बसले. म्हणाले, "वहिनी, पाणी द्या थोडं." पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "बुढीले तुम्हीच सांगा. माह्याच्यानं नाई होत." मग मी त्यांच्या आईला जाऊन सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, आठवायचंही नाही. तीन आठवडे कावीळ होती गोदाला... छत्तीस वर्षांची बाई. रडारड सुरू झाली, लाइनीतल्या बायका जमल्या, आणि त्या सगळ्या गर्दीत माझी नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती. पाच वाजत आले होते, आणि पाच वाजता शेवंती झाकायची असते.

त्याला आता दोन महिने होतील. दसऱ्याच्या आधी गेली, आज मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार आहे. लोक म्हणतात, लिहिल्याने मन हलकं होतं. माझा तर नुसता हात दुखायला लागला आहे. पण हे लिहायचं राहिलं तर ते माझ्याच छातीवर बसेल, म्हणून लिहिते.

आम्ही नागपूरहून भिलाईला आलो तेव्हा कारखान्याची पहिली भट्टी पेटायची होती. जिकडे बघावं तिकडे मुरूम, मशिनींचे खोके आणि एकसारखे क्वार्टर. कितीतरी क्वार्टरांना दारंसुद्धा बसली नव्हती. आमचे हे टाइम ऑफिसात कारकून, आठवड्याआड रात्रपाळी. दोन महिन्यांनी शेजारी गोदा आली, भंडाऱ्याकडच्या वैनगंगेकाठच्या गावातून. भाऊजी शेती भावाकडे सोडून क्रेनवर लागले होते. सामान ट्रकमधून उतरत होतं आणि ही बाई मांडीवर ओल्या फडक्याचं गाठोडं घेऊन ओट्यावर बसून. मला वाटलं तान्हं मूल आहे. पाहिलं तर शेवंतीचे फुटवे, पांढऱ्या शेवंतीचे, तिच्या आईच्या अंगणातले. आई त्याच वर्षी गेली होती. मी हसले. म्हटलं, "इथे प्यायला पाणी वेळेवर नाही आणि तू फुलं लावणार?" ती म्हणाली, "तू भांडे घासून जे पाणी फेकतं ना, ते मले देजो. फेकू नोको." तेव्हापासून माझं राखेचं पाणी कुंपणावरून तिच्या बादलीत जाऊ लागलं. आमची मैत्री ती अशी, खरकट्या पाण्यापासून सुरू झाली.

क्वार्टरच्या अंगणातली माती म्हणजे बांधकामाचा राडारोडा. गोदाने तळ्याकाठची काळी माती घमेल्याने डोक्यावरून आणली, दूधवालीकडून शेण घेतलं आणि वाफा केला. शेवंती म्हणजे लाडावलेली पोर, हे तिच्याकडे पाहून मला कळलं. फुलं सरली की माघात जुनं झाड छाटायचं आणि बुडाशी आलेले फुटवे वेगळे करायचे. उन्हाळाभर त्यांना सावलीत सांभाळायचं, पावसात मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही. श्रावणात वाढते शेंडे खुडायचे, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. मला ते शेंडे खुडताना बघवत नसे. ती म्हणायची, "नाई खुडलं त नुसतं उंच होते बाई, बिनकामाचं." पानांवर कारखान्याची लाल धूळ बसायची ती ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची. मावा पडला की सासूच्या चंचीतली चिमूटभर तंबाखू चोरून तिचं पाणी शिंपडायची. सासू चंची उघडून म्हणायची, "या घरात उंदरं तंबाखू खातेत वाटते." आम्ही दोघी कुंपणाशी तोंडाला पदर लावून हसायचो.

आणि मार्गशीर्षात फुलायची. पांढरी, दाट, मधे जराशी हिरवट. गुरुवारच्या पूजेला आमच्या लाइनीत फुलं विकत आणायचा प्रश्नच नव्हता. गोदा परडी घेऊन घरोघर जायची. तेलुगू बाई, बंगाली बाई, सगळ्यांच्या अंबाड्यात तिची शेवंती. पहिल्या भट्टीपेक्षा आमच्या बायकांना ते जास्त मोठं वाटलं होतं, हे खरंच सांगते.

मग दिवा आला. तो मी आणला. ह्यांची रात्रपाळी असली की मी आणि माझा लहान मुलगा, बाहेर काळाकुट्ट माळ, कोल्हे ओरडायचे, आणि एकदा तर उंबऱ्यावरच मण्यार निघाली. त्यानंतर मला झोपच येईना. ह्यांच्यामागे लागून मी टाउनशिपच्या ऑफिसात तीन अर्ज करवले. शेवटी खांब उभा राहिला, बरोबर आमच्या फाटकाजवळ. उजेड निम्मा माझ्या ओट्यावर, निम्मा गोदाच्या वाफ्यावर. गोदाच जास्त खूश झाली. म्हणाली, "बरं झालं वं कमल, आता तू झोपशीन तरी." मी खरंच झोपले, कितीतरी महिन्यांनी.

त्या वर्षी शेवंतीला कळी धरली नाही. झाड हिरवंगार, कमरेएवढं, पण शेंड्याला नुसती पानं. गोदाने खत बदललं, पाणी कमी केलं, जास्त केलं. दुसऱ्या वर्षीही तेच. तेव्हा तिच्या सासूने निकाल दिला. त्यांना मी मावशी म्हणते. बाई वाईट नाही, पण तोंडाची तिखट आणि सोवळ्याओवळ्याची कडक. म्हणाल्या, "त्या चार दिवसांत हात लावला असन इनं. फुलझाडाले विटाळ चालत नाई." गोदा म्हणाली, लावला नाही. पण जिथे चूक सापडत नाही तिथे ती कोणाची तरी करावी लागते, तशी ती गोदाची झाली. लाइनीतल्या बायकासुद्धा हळूच म्हणू लागल्या, तिचा हातच गेला. गोदा आपल्या हातांकडे बघत बसायची. एकदा मला म्हणाली, "आईचं झाड माह्याच हातानं मरून राहिलं का वं?" मी म्हटलं, "काहीतरीच काय."

त्याच कार्तिकात मी टाउनशिपच्या नर्सरीत तुळशीचं रोप आणायला गेले होते. तिथल्या म्हाताऱ्या माळ्याला सहज विचारलं. त्याने वर न बघताच विचारलं, जवळ बत्ती आहे का? मग म्हणाला, "अंधियार चाही बाई एला. बत्ती के नीचे ये फूल नइ धरय." रात्र लांबली की शेवंतीला कळतं की आता फुलायचं. रात्रभर उजेड असला तर तिला कळणार कसं?

मी तुळस घेऊन घरी आले आणि गप्प बसले. हे मला सरळ लिहायचं आहे. मी गप्प बसले. मनाशी म्हटलं, माळ्याचं काय ऐकायचं. म्हटलं, ह्यांची रात्रपाळी संपली की सांगू. म्हटलं, सण होऊ दे. सांगितलं असतं तर मावशी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन दिवा काढायला लावणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला अंधार नको होता. दोन महिने मी रोज कुंपणावरून भांड्यांचं पाणी दिलं, गोदाचं तोंड बघितलं, आणि एक वाक्य बोलले नाही. पौषात एका सकाळी मावशींनी सगळा वाफा उपटला आणि वांगी लावली. गोदा नळावर गेली होती. परत आली तोवर पांढरी शेवंती कुंपणाबाहेर पडून वाळायला लागली होती, मुळं वर. तिने उचलून पाहिली, पुन्हा लावली, पण ती काही जगली नाही. गोदा रडलीही नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे पिठलं शिजलं होतं, ते वाटीभर मला आणून दिलं. मी ते खाल्लं.

उरली ती गोदाने मधे नर्सरीतून आणलेली पिवळी, तीन कुंड्यांत. त्यातली एक कुंडी नळाच्या भिंतीमागे, दिव्याच्या आड पडली होती. तिच्यावर कोणाचं लक्ष नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात तीच तेवढी फुलली. गोदा शेतकऱ्याची मुलगी, तिला माळी लागला नाही. ती त्या कुंडीजवळ उभी राहिली, मग खांबाकडे पाहत राहिली, मग माझ्या ओट्याकडे. मी आत निघून गेले. त्यानंतरच्या भादव्यात ती कुंपणाशी येऊन म्हणाली, "तुह्याकडं सिमेंटचं रिकामं पोतं असन त दे बरं." जवळच्या जामुलच्या कारखान्यातल्या सिमेंटचं तागाचं पोतं होतं, ते दिलं. तिने ते झटकून धुतलं, उसवून मोठं केलं, कामट्या रोवल्या आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच वाजता शेवंती झाकायची, सकाळी सातला उघडायची. भादव्यापासून कळ्यांना रंग येईपर्यंत, एक दिवस न चुकता. सासूला सांगितलं, कारखान्याची धूळ बसते.

फुलं आली. मावशी म्हणाल्या, पाहा, शिस्त पाळली की कसं होते. म्हणजे दोष गोदाचाच राहिला, फक्त सुधारलेला. ते चार दिवस तिने कुंड्यांजवळ जायचं नाही, हा घरचा नियमच झाला. त्या चार दिवसांत पोतं मी टाकायची. एकदा, टाकता टाकताच, मी धीर करून विचारलं, "मावशींना खरं का नाही सांगत?" खरं म्हणजे काय, ते मी बोलले नाही. गोदा दारात लांब बसली होती. म्हणाली, "सांगून काय होते? बुढी जाईन अन् दिवा काढून मागन. शेवंतीले त मी झाकून देते. तुले कोण झाकन?"

तेव्हा तरी सांगायला हवं होतं, की मला तुझ्याआधी ठाऊक होतं, तुझी पांढरी उपटायच्या दोन महिने आधी ठाऊक होतं. नाही सांगितलं. पोत्याची टोकं विटांखाली दाबली आणि घरी आले. अशी सहा वर्षं गेली. माझा मुलगा मोठा झाला, माळावर नवे क्वार्टर झाले, कोल्हे गेले, सगळीकडे दिवे लागले. मला आता अंधाराची भीती वाटत नव्हती. तरी दिवा बंद करायला मी कधी म्हटलं नाही, आणि गोदाही पोतं टाकत राहिली. दमली असेल का ती? मी कधी विचारलं नाही.

या भादव्यात तिचे डोळे पिवळे झाले. हॉस्पिटलात भेटायची वेळ चार ते सहा. मी रोज जायची. शेवटच्या भेटीत ती बराच वेळ डोळे मिटून होती. मग खिडकीकडे पाहून म्हणाली, "पाच वाजले ना? तू त इथं आहे. मंग झाकून कोण राहिलं?" तीन आठवडे कोणीच झाकत नव्हतं. मी म्हटलं, "मावशी झाकतात." गोदाने माझ्याकडे पाहिलं. "बुढी?" म्हणाली, आणि हसली. विश्वास बसला की नाही, देव जाणे. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी सायकल आमच्या फाटकाशी लावली.

तेरावं झाल्यावर मी पुन्हा पोतं टाकायला लागले. एकटीला ते जमत नाही, एक टोक दाबावं तर दुसरं सुटतं. चार-पाच दिवसांनी मावशी ओट्यावर येऊन बसल्या. बारा वर्षांची नात, गोदाची मुलगी, आत पोळ्या करत होती. मावशी म्हणाल्या, "आता कायले झाकतं? जिचं होतं ते गेली. तिच्या हाताले तसंही..." पुढचं मी बोलू दिलं नाही. तिथेच, पोतं हातात धरून, सगळं सांगितलं. दिवा, माळी, ते दोन महिने, धुळीचं निमित्त. तिच्या हाताला काही झालं नव्हतं मावशी, तो माझा दिवा होता.

मावशी तंबाखू मळत होत्या, तो हात तसाच थांबला होता. मला वाटलं, आता शिव्या देतील. मला त्या हव्याही होत्या. त्या म्हणाल्या, "मले कावून सांगून राहिली आता? तिले सांगाचं होतं." मग वाफ्याच्या जागेकडे बघत, "झाड त मीच उपटलं."

पहिल्या पाळीचे लोक सायकलींवरून कधीचेच घरी गेले होते. फाटकाजवळचा दिवा लागला. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या, कुंड्यांपाशी आल्या आणि पोत्याचं दुसरं टोक हातात धरलं. "धर नीट," म्हणाल्या.

तेव्हापासून रोज येतात. यंदा फुलायला उशीर होईल, पण कळ्या धरल्या आहेत, हरभऱ्याएवढ्या. त्यांचे हात थरथरतात, टोक विटेखाली जायला वेळ लागतो, मी थांबते. हॉस्पिटलात मी गोदाला खोटं सांगितलं होतं. आता ते खोटं राहिलं नाही... पण तिला कोण सांगणार?