बावीस वर्षांची सवय

माझ्या नणंदबाईंनी एका प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढली. काचसामान धुवायला लागल्या आणि बघता बघता तिथल्या सगळ्या बाटल्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. नवी अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला हुडकून चिकटणारं द्रव्य, आली की तिच्यात बुरशी धरू नये म्हणून अझाइड नावाच्या औषधाचा थेंब घालायचा, मगच ती फ्रीजमध्ये. हे काम त्यांचा हात आपोआप करायचा.

एकदा निराळी अँटिबॉडी आली. आपल्या पेशींत काइनेज नावाचं प्रथिन असतं, ते बाकीच्या प्रथिनांना कामाला लावतं. "आपल्या आईसारखं," वन्सं मला म्हणाल्या होत्या. ही अँटिबॉडी नेमकी त्यालाच जाऊन चिकटते. तिला एक एन्झाइम जोडलेलं असतं. वरून द्रव घातला की एन्झाइममुळे उजेड पडतो. जिथे उजेड, तिथे काइनेज.

चार दिवसांनी संशोधन करणारी मुलगी रडवेली होऊन बसली होती. पडद्यावर उजेडाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"माझे पेशींचे नमुनेच बिघडलेत हो, ताई. तीन महिने पाण्यात गेले. आज सगळे टाकून देते."

त्या बाटलीतही आपण सवयीने अझाइडचा थेंब घातला होता, हे वन्संना आठवलं. बाटलीसोबत डब्यात आलेला माहितीचा कागद त्यांनी आता कुठे नीट वाचला. अझाइड घालू नये, एन्झाइम मरतं, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. तरी खात्री हवी म्हणून त्यांनी दिवा मालवला आणि उजेडाच्या द्रवात बाटलीतला एक थेंब सोडला. काळोख तसाच. मग शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या तशाच बाटलीतला थेंब सोडला, तिच्यात अझाइड नव्हतं. तो लखकन उजळला.

"अगं, कुणालाही कळलं नसतं," त्या मला सांगत होत्या. "ती नमुने टाकणारच होती. नवी बाटली आली की मिटलं. पण देवाला काय सांगू? दाराशी उभी राहून त्याचं नाव घेतलं आणि गेले आत."

आत मुलगी होती, प्रयोगशाळेच्या प्रमुख थोरल्या बाई होत्या. वन्सं म्हणाल्या, "नमुने टाकू नकोस गं. ते चांगले आहेत. चूक माझी आहे, बाटलीत अझाइड मी घातलं."

थोरल्या बाईंनी डब्यातला कागद मागून घेऊन वाचला. मग म्हणाल्या, "बावीस वर्षांत कागद वाचायची गरज पडली नाही वाटतं?"

"पडली होती, बाई. मीच वाचला नाही."

"महिनाभर बाटल्यांना हात लावायचा नाही. काचा धुवा."

वन्सं काचा धुऊ लागल्या. मुलगी मात्र चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ते त्यांना जास्त लागलं.

नवी बाटली आली. नमुने त्या मुलीने पुन्हा लावले. दुसऱ्या दिवशी ती हातात चित्र घेऊन मोरीपाशी आली. काइनेजच्या उजेडाच्या पट्ट्या ठळक उठल्या होत्या.

"ताई, हात पुसा आणि बघा."

"माझे ओले आहेत. तूच धर समोर," वन्सं म्हणाल्या. मुलीने धरलं, आणि त्यांचं बघून होईपर्यंत तशीच उभी राहिली.