सूनबाईनं बंदूक खाली ठेवली

सूनबाई कृत्रिम दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर मेणाचे दात कोरायचे, घरी आलं की कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरवर लढाईचा खेळ खेळायचा. सासरे छापखान्यातून निवृत्त झालेले. ते मुलाला म्हणायचे, "तुझी बायको लोकांच्या बत्तिश्या घडवते, स्वतः बत्तिशीची झाली, तरी पोरखेळ काही सुटत नाही!"

एका रविवारी दुपारी पेपर घ्यायला ते तिच्या खोलीत गेले, पाय वायरीत अडकला, हेडफोनची पिन निघाली आणि खेळातला आवाज खोलीभर घुमला.

"ए बाई, भांडी घासायची सोडून इथे कशाला तडमडतेस?" कुणीतरी पुरुष बोलला, आणि पुढे असं काही बोलला की सासऱ्यांची कानशिलं तापली. छापखान्यात उभा जन्म गेलेला, शिव्या त्यांना नव्या नव्हत्या. पण तिथे देणारा समोर उभा असायचा.

"बंद कर ते!" ते ओरडले.

"बाबा, जरा थांबा. आत्ता उठले तर माझे चौघे मरतील." आणि माइकमध्ये ती शांतपणे म्हणाली, "पुलामागे दोघं लपलेत. डावीकडून या." मग त्याच शिवराळ माणसाला, "तुमच्या मागे एक जण आहे. खाली बसा."

तो बसला. वाचला. वाचल्यावर पुन्हा शिवी दिली.

सासरे पेपर विसरून पलंगाच्या कडेला टेकले. कुठल्या मातीची आहे ही पोर?

तेवढ्यात एक बारीक, घाबरलेला आवाज आला. "मी नवीन आहे. मी कुठे जाऊ?" तुकडीतलीच एक मुलगी होती. शिवराळ माणूस आता तिच्यावर घसरला. मुलगी गप्प झाली.

सूनबाईनं माउसवरचा हात काढला. पडद्यावर तिच्या सैनिकानं बंदूक खाली ठेवली.

"हिची माफी मागा. तोवर मी जागची हलणार नाही."

"अगं, जिंकत आलोय आपण!" शिवराळ माणूस ओरडला.

"हरू."

शिव्यांचा नुसता पाऊस. ती हाताची घडी घालून बसून राहिली. एवढा वेळ तोंड न उघडलेला एक खेळाडू म्हणाला, "ताईंचं बरोबर आहे. मीही थांबतो." मग चौथाही थांबला. शिवराळ एकटाच पुढे धावला आणि पहिल्याच वळणावर गारद झाला. डाव हरले. सासऱ्यांच्या अंगावर मात्र काटा आला होता.

"याची तक्रार करता येत नाही?"

"रोज करते." तिनं खेळाच्या कंपनीचं उत्तर दाखवलं: तपासणीत नियमभंग आढळला नाही.

"तपासलं कुणी?"

"माणसानं तरी नसावं. मागच्या महिन्यात असल्याच एकानं उलट माझी तक्रार केली, तर माझाच माइक बंद केला त्यांनी."

"म्हणजे मार खाणाऱ्यालाच बाकावर उभं केलं! आणि तू तरी खेळतेस?"

"खेळ मला आवडतो, बाबा. मी का जाऊ?"

सासरे पेपर घेऊन उठले. रात्री मुलाला एवढंच म्हणाले, "पोरखेळ म्हणालो होतो ना, ते मागे घेतो."

त्या आठवड्यात सूनबाईनं स्वतःचा गट काढला. त्या मुलीला बोलावलं, थांबलेल्या दोघांना बोलावलं, मग त्यांच्या ओळखीतल्या बायका आल्या, पोरी आल्या, दोन-चार सभ्य पुरुषही. घाण बोललं की एकदा ताकीद, दुसऱ्यांदा बाहेर. कंपनी होती तिथेच आहे. तो शिवराळ माणूसही अजून राजरोस खेळतो.

गटात कोण काय बोलतंय याकडे कान द्यायला कुणीतरी हवं होतं. सासऱ्यांनी आपणहून हात वर केला. आता संध्याकाळी दुसरा हेडफोन लावून ते सूनबाईशेजारी बसतात. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण ती बोलायला लागली की ते अजूनही श्वास रोखून ऐकत राहतात, आणि ती नवी मुलगी, आता चांगल्या खणखणीत आवाजात, त्यांना दटावते, "आजोबा, तुमचा खोकला सगळ्यांना ऐकू येतोय, माइक बंद करा!"