दुसऱ्या भागात खार मरत नाही

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बाईने चुलीकडे फिरकायचं नसतं. झोका खेळायचा, आमरस ओरपायचा, दुपारी कूलरसमोर पाय पसरून लोळायचं. आमच्याकडे या सणाला पुरुष राजरोस पत्ते कुटतात, मग बायकांनीच काय घोडं मारलंय? म्हणून मी आणि माझा धाकटा भाऊ दर आखाजीला टीव्हीला गेमचं मशीन जोडून खारींचा खेळ खेळतो. मी धुळ्याला दिलेली, दोन पोरांची आई, केसांना मेंदी लावणारी बाई. लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

पहिला भाग अगदी हलकट होता. दोन खारी, एक लाल टोपीची, एक निळ्या टोपीची. फांद्यांवरून, ओंडक्यांवरून उड्या मारत उजवीकडे पळायचं. पण पडदा पळायचा पुढच्या खारीबरोबर. मागे राहिली ती डाव्या कडेला चिरडून मरायची. भाऊ जन्माचा उतावळा आणि लाल टोपी त्याची, त्यामुळे मरायचं खातं कायम माझ्याकडे. शिवाय एकदा उडी घेतली की हवेत वळता यायचं नाही. चुकलं हे कळायचं आणि तरी तिकडेच जाऊन आपटायचं. माझा नवरा म्हणाला होता, यात नवीन काय, संसारात असंच असतं. त्याला त्या दिवशी चहा उशिरा मिळाला.

आई बाजेवर बसून शेंगा फोडत बघायची. तिला यातलं काही कळत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. एकदा मी मेल्यावर ती भावाला म्हणाली, "भाऊ पयतो पुढे अन् बहीन मरते मांगे. हा कसा खेय रे?"

त्यानंतर दरवर्षी तिच्या तक्रारी वाढतच गेल्या. पडलेल्याला कुणी हात का देत नाही? इतकी झाडं चढून गेल्यावर परत पहिल्या झाडापाशी आणून टाकायचं, हा कुठला न्याय? खारीला नखं असतात, मग ती मेली फांदी धरून का राहत नाही? आम्ही हसून लोळायचो. खेळ करणाऱ्यांना पत्र लिही म्हणून भाऊ तिला चिडवायचा.

यंदा थंडीत आई गेली.

आखाजी जवळ आली तशी मी चिडचिडी झाले. दरवर्षी भाऊ मुराळी म्हणून न्यायला यायचा, पण तो येतो की आई पाठवते याचा मी कधी विचार केला नव्हता. त्याचा फोन नाही. धुणं वाळत घालताना शेजारणी डोळे बारीक करून विचारायच्या, यंदा कोण येतंय न्यायला. मी म्हणायचे, आता काय वय आहे का आमचं माहेरी जायचं. खरं तर मला भीती वाटत होती. तो आलाच नाही, तर आपलं माहेर संपलं हे मला तिथे धुण्याच्या दोरीखाली उभ्या उभ्या कळणार होतं.

तो आला. केळीच्या बागेतून थेट उठून आलेला, पायजम्यावर चिकाचे काळे डाग. खेळाचा दुसरा भाग आणलाय, चल, एवढंच म्हणाला. माझी पिशवी आठवडाभर भरलेलीच होती, पण त्याला अर्धा तास ताटकळत ठेवला. उशिरा आलेल्या शहाण्याला इतकी शिक्षा हवीच.

दुसरा भाग सुरू केला. खार मागे राहिली तर पडदा थांबतो, लांब सरकून दोघांना सामावून घेतो. उडीत वळता येतं. कड चुकली तर खार नखांनी फांदीला लोंबकळते. पडलीच, तर फुग्यात बसून तरंगत परत येते, आणि जोडीदाराने फुगा फोडला की पुन्हा फांदीवर. जिथवर चढलो तिथूनच पुढे सुरू. संगीत मात्र लग्नाच्या हॉलसारखं गोडगट्ट, आणि शेवटचं घुबड इतकं बावळट की त्याला मारताना कीव येते. पण बाकी सगळं आईच्या मनासारखं होतं. भाऊ बाजेकडे बघायचं टाळत होता, मीही. मला त्या खेळ करणाऱ्यांचा भयंकर राग आला. एक वर्ष आधी काढायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ बागेला पाणी द्यायला गेला आणि मी वहिनीला लाल टोपी दिली. वहिनी भडगावची, हाताने चपळ. मी पडले तरी ती माझ्यासाठी थांबायची, फुगा फोडायची, पुढे जायची. मग फोन वाजला. तिच्या आईचा होता, तिने तो खांद्याने कानाशी धरला.

"आक्का येल शेतस, माय. मी कशी येसू?"

मी आलेली असताना ती कशी येणार, असं ती आईला सांगत होती. पडद्यावर माझी खार फुग्यात तरंगत होती. मला आत्ता उमगलं. आजवर मी आले की आई माझं करायला असायची, म्हणून वहिनी आपल्या आईकडे जायची. यंदा माझं करायला तीच उरली होती, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. कालपासून मी तिच्या हातचं खात, सरबत मागत बसले होते. मला शरम वाटली, आणि रागही आला, कारण तिची आई अजून होती.

मी तिला म्हटलं, बॅग भर. ती नाही म्हणाली, लोक काय म्हणतील, आखाजीला नणंद घरात आणि सून पळाली. मी म्हटलं, लोकांची तोंडं मी बघते. संध्याकाळच्या गाडीला मीच तिला बसवून आले.

सणाच्या सकाळी आईच्या नावाची घागर भरली. मग पदर खोचला आणि पुरणपोळ्यांसाठी चुलीवर खापर चढवलं. माहेरची लेक नव्हे, घरातली कर्ती बाई झाले होते मी.

भाऊ मागून आला आणि उलथणं माझ्या हातातून काढून घेतलं.

"उठ आक्का. तू पाव्हनी हाये. चुल्यापाशी तुह्यं काय काम?"

त्याची पहिली पोळी खापरावर चिकटली, दुसरी फाटून पुरण निखाऱ्यांत सांडलं. त्यातली बरी बघून त्याने आगारीत, पितरांच्या नैवेद्याच्या निखाऱ्यांवर, आईसाठी टाकली, दुसरी मला वाढली, वर तुपाची धार. आणि मी खाते की नाही हे बघत, आई बसायची तसा, माझ्या ताटासमोर बसून राहिला.