चेटकीण की मोलकरीण

मावशीने जावेच्या नव्या कूलरसमोर बसून एवढंच म्हटलं होतं, "किती गार हवा देतो गं!" दुसऱ्या दिवशी कूलरची मोटर जळाली. मे महिना, भडगाव, आणि कूलर बंद! जाऊबाईंनी ओट्यावर येऊन जाहीर केलं, "ही चेटकीण शे!"

झालं, मावशीने तोंड फिरवलं. रविवारी त्याच जाऊबाईंच्या मुलीचा साखरपुडा! मावशीला 'मोठी आई' म्हणणाऱ्या त्या मुलीने मला जळगावला फोन करून रडत सांगितलं, "मोठी आई आली नाही तर मी पाटावरच बसणार नाही."

मी लगेच बस पकडली. आणि बसमध्ये मोबाइलवर शोधता शोधता मला खजिनाच सापडला! चेटूक हा शब्द म्हणे संस्कृतातल्या 'चेट'वरून आलाय, आणि चेट म्हणजे नोकर! मांत्रिक जे भूत राबवायचे, ते त्यांचं चेट. म्हणजे मुळात यात वाईट काहीच नाही! मी इतकी खूश झाले की घरात शिरताना चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"मावशी, शिवी नाहीच ती! मूळ अर्थ नोकर!"

मावशी गवार मोडत होती. थांबली.

"म्हणजे ती माले मोलकरीण म्हनी?"

"नाही, म्हणजे, मूळ अर्थ..."

"चेटकीण म्हटलं तर निदान चार लोक घाबरतात. मोलकरीण! तीस वर्षं त्या घराचं केलं ते याच्यासाठी?"

आता मलाच रडू यायला लागलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून जाऊबाईंचा आवाज आला. सगळं ऐकत होत्या!

"अक्का, मोलकरीण मी कव्हय म्हनं? चेटकीणच म्हनं!"

"नक्की?"

"देवाशप्पथ! मोलकरणीच्या बोलण्याने मोटर जळते का? त्याला ताकद लागते!"

मावशीने पदर सारखा केला. चेहऱ्यावर चक्क समाधान!

"रविवारी येशील ना अक्का?" पलीकडून जरा मऊ आवाज.

"पाहू. वरण-बट्टी कोण करणार आहे?"

"तूच. पोरीला तुझ्याच हातची लागते."

"म्हणजे मोलकरीणच की!" मावशी ओरडली, आणि मला म्हणाली, "जा, विचार तिला, पाहुणे किती येणार आहेत."