गडद व्हर्जिनियाचा डबा

मंडईत काळ्या मनुकांचा वास आला की मला ह्यांचा पाइप आठवतो. आमच्या लग्नाला वर्ष झालं असेल. ह्यांच्या मित्राने विलायतेहून गडद व्हर्जिनिया तंबाखूचा डबा आणला होता.

"आई, वास घे. मनुका, अंजीर, जुना गूळ!" हे कौतुकाने म्हणाले.

सासूबाईंनी डबा हुंगला. "मग तेच खा की. जाळतोस कशाला?"

ही तंबाखू सावकाश ओढायची असते. ह्यांनी रागाने भराभर झुरके घेतले आणि जीभ पोळून घेतली. जेवताना तोंडातून शब्द फुटेना. माझ्या आमटीला नावं न ठेवता ते पहिल्यांदाच पानावरून उठले.

तोवर मला सासूबाईंची भीतीच वाटायची. त्या हळूच म्हणाल्या, "डबा संपेपर्यंत ओढू दे हो त्याला."