समोरासमोरच्या खुर्च्या

आमच्या समाजमंदिरात पोरांना भांडण मिटवायला शिकवणारं शिबिर भरलं होतं. समोरासमोर खुर्च्या, त्यावर दोघं-दोघं बसलेली. नियम एकच, आपलं बोलायच्या आधी समोरचा काय म्हणाला ते सांगायचं. मी दाराशी काठी टेकून बघत होतो, मला शिसारी आली. भांडायलासुद्धा आता खुर्च्या लागतात!

एका पोरीची जोडीदारीण आली नव्हती. ती मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही बसा ना. तुमचं कुणाशी भांडण आहे?"

"बायकोशी. पण ती गेली. पाच महिने झाले."

पोर हळूच म्हणाली, "मग आजी काय म्हणायच्या, ते सांगा."

मी तिच्यासमोरच्या खुर्चीत बसलो आणि आठवू लागलो. तिला न विचारता मी म्हैस विकली, त्या दिवशी ती चुलीपाशी उभी राहून काहीतरी म्हणाली होती. मी ताट भिरकावलं. ताट उंबऱ्यावर आपटून अंगणात गेलं, भाताची शितं भिंतीला चिकटली, सगळं लख्ख आठवतं. ती काय म्हणाली तेवढं आठवत नाही. माणसाच्या डोक्यात स्वतःचाच आरडाओरडा एवढी जागा खातो, की दुसऱ्याचं एक वाक्य मावत नाही. आता शिसारी आली ती माझीच मला.

"काही म्हणायची नाही ती," मी म्हणालो.

"असं कसं, आजोबा? तुम्ही ऐकलं नसेल. आठवा, मी थांबते."

पोर खरंच थांबली, हात मांडीवर ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत. बायकोही अशीच बघायची. मी काठी उचलली आणि तिच्यासमोरून उठायचो तसाच उठून बाहेर आलो.